फलकावरचा जाड थर

कारखान्यात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक भलामोठा फलक लावला आहे. डावीकडे माझे मधले दीर हाताची घडी घालून उभे, जणू सगळं जग त्यांनीच तव्यावर भाजून काढलंय. उजवीकडे सूक्ष्मदर्शकातून काढलेला एक फोटो: निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या झगझगीत चांदण्या एकमेकींना खेटून बसलेल्या. खाली ओळ, 'आमचा पातळ थर, आमचा अभिमान.'

तो फोटो पातळ थराचा नाही. जाड थराचा आहे. ज्या जाड थरापायी औषधाच्या गोळ्या नासल्या आणि ज्याचं खापर माझ्या धाकट्या जावेच्या डोक्यावर फोडायला हेच घडी घातलेले हात पुढे झाले होते, त्याच थराचा. येणारेजाणारे फलकापुढे थांबून माना डोलावतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला. घरचा इतिहास असा भिंतीवर उलटा टांगलेला मला बघवत नाही, म्हणून लिहायला बसले. कुणाला राग आला तर येऊ दे. माझा केव्हाचा आलेला आहे.

आधी धाकटी कोण ते सांगते.

ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी या घरात चांगली मुरले होते. ही रसायनशास्त्र शिकलेली, चष्मा नाकावर घसरलेला, केस कसेतरी बांधलेले. आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिने दूध उतू घालवलं. विसरून नव्हे, समोर उभी राहून. भांड्यावर वाकून साय कशी धरते ते बघत होती.

"अगं, बघतेस काय? बंद कर ना ते!" सासूबाई ओरडल्या.

"एक मिनिट, आत्ताच सुरकुती पडतेय," ही म्हणाली, आणि दूध शेगडीवर.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला मात्र ती तिथेच आवडली. सरळ स्वभावाची होती असं मी म्हणणार नाही. हट्टी होती, फटकळ होती, घरी पाहुणे आले की नेमकी दिसेनाशी व्हायची. आणि तिचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे तिला समजावून सांगता यायचं नाही. स्वतःला जे लख्ख दिसतं ते दुसऱ्याला का दिसत नाही, हेच तिला कळायचं नाही. मग ती एकच वाक्य दोनदा बोलायची, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि निघून जायची. दार आपटून.

कारखाना आमच्या सासऱ्यांचा, पुढे तिघा भावांचा. थोरले माझे यजमान. ते लवकर गेले आणि त्यांची भागीदारी माझ्याकडे आली, म्हणून कारखान्याच्या बैठकांत एक खुर्ची माझी. मधल्यांना सगळे पाठीमागे 'इंजिन' म्हणतात. सतत फुसफुसतात, शिट्टी मारतात, आणि रूळ कुठे जातोय ते न बघता सगळ्यांना ओढत नेतात. आणि धाकटे, म्हणजे हिचे यजमान, त्यांचं नाव 'होयबा'. ते कुणी ठेवलं ते विचारू नका. मीच ठेवलं.

आम्ही औषधाच्या गोळ्या ज्यात बंद करतात ती फिल्म बनवतो. पारदर्शक प्लास्टिकचे मोठमोठे रोल. त्या फिल्मचं मुख्य काम एकच: बाहेरची ओल आत जाऊ द्यायची नाही. आमच्या फिल्ममधून ती जायची. थोडी, पण जायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं, इंजिन म्हणायचे, "हवाच दमट आहे, आम्ही काय करणार?"

धाकटी म्हणाली, "मला एक खोली द्या."

दिली. कामगारांच्या हात धुवायच्या जागेशेजारी मशीन पुसायच्या चिंध्या ठेवायची एक खोली होती, ती. चिंध्या बाहेर काढायचं कामही तिलाच करावं लागलं. एक जुना सूक्ष्मदर्शक, एक तराजू, आणि आत ओल धरून ठेवणारं एक कपाट, ज्याचं दार लागायचं नाही म्हणून ती ते खुर्ची टेकवून बंद ठेवायची. ही तिची लॅब. इंजिन त्याला 'खेळघर' म्हणायचे आणि तिला 'सायंटिस्ट'. तोंडभर हसून. त्या हसण्याला उत्तर द्यायचं तर भांडकुदळ ठरायचं, न द्यायचं तर गिळायचं. ती दोन्ही करायची नाही, ऐकायचीच नाही. मी ऐकायचे.

तर ही त्या खोलीत फिल्मवर आणखी एक थर द्यायचे प्रयोग करत होती. एका वेगळ्या प्लास्टिकचा द्रव करायचा, तो पसरायचा, ऊब देऊन सुकवायचा. कुठे जाड, कुठे पातळ, असे तऱ्हेतऱ्हेचे. मग त्या फिल्मची लहान लहान पाकिटं करायची आणि आत ते निळे दाणे भरायचे. नवीन बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तसले. कोरडे असले की निळे, ओल लागली की गुलाबी. पाकिटं दमट कपाटात ठेवायची आणि खुर्ची टेकवायची.

एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. हातात पाकिटांची माळ.

"ताई, यातलं एकच निळं राहिलंय. कुठलं असेल?"

"सगळ्यात जाड थराचं. त्यात विचारायचं काय?"

"सगळ्यात पातळ थराचं."

"मग तू चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्यास."

"मलाही तेच वाटलं. पुन्हा केलं. पुन्हा हेच. पातळ म्हणजे किती पातळ माहितीये? केस घ्या एक, त्याच्या जाडीचे हजार पापुद्रे काढा, त्यातला एक. त्याच्याहून जाड केलं की काम बिघडतं. ओरिएंटेशन बदलतं."

"काय बदलतं?"

"ओरिएंटेशन!" दुसऱ्यांदा, मोठ्याने. आणि वळलीच दाराकडे.

"ए बाई," मी म्हटलं, "खाली बस. मला कळेल असं सांग. नाही सांगता आलं तर तुलाच कळलेलं नाही असं मी धरून चालीन."

हे तिला झोंबलं. बसली. माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिली. वरचा कप्पा उंच, त्यात पुस्तकं उभी. खालचा बुटका, त्यात पुस्तकं उभी राहत नाहीत म्हणून मी एकावर एक आडवी रचलेली.

"हे प्लास्टिक म्हणजे लांबच लांब दोरे असतात," ती सावकाश म्हणाली, "गार होताना ते स्वतःच्याच घड्या घालतात आणि चपटे होतात. पुस्तकासारखे. थर जाड असला की त्यांना उंच कप्पा मिळतो. मग ते उभे राहतात, कसेही, कुठेही तोंड करून. दोन पुस्तकांच्या मध्ये फट. थर अगदी पातळ असला की वर जागाच नाही. मग ते आडवे झोपतात, एकाच्या कडेवर दुसरा, कौलांसारखे." मग माझ्याकडे बघून विचारलं, "धूळ कुठल्या कप्प्यात आत शिरते, ताई?"

"वरच्या."

"ओल पण."

इतकंच. इतक्या सरळ गोष्टीसाठी तिने किती दिवस त्या चिंध्यांच्या खोलीत काढले असतील ते असतील, पण गोष्ट इतकीच आहे. आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्यावरच झाला. तिच्या सूक्ष्मदर्शकात उजेड गाळणाऱ्या दोन काचा होत्या, एक नमुन्याच्या खाली, एक वर, एकमेकींना आडव्या लावलेल्या. त्यातून बघितलं की उभे राहिलेले स्फटिक झगझगतात. रंगीत, चांदण्यांसारखे. आणि आडवे झोपलेले काही म्हणजे काही दिसत नाहीत. काळोख. म्हणजे तिचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे काचेखाली नुसता काळोख. ती तो काळोख बघून खूश व्हायची.

पातळ थराची फिल्म मशीनवर चढली. कोटिंगच्या मशीनवर दोन रोलर असतात, त्यांच्या मधल्या फटीवर थराची जाडी ठरते, आणि फट कमीजास्त करायला बाजूला एक चाक. धाकटीने ते चाक स्वतः बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, याला हात लावायचा नाही. का ते सांगितलं नाही. सांगितलं असेल तर एकदा, आणि ओरिएंटेशन म्हणून. पण फिल्म चालली. गिऱ्हाईकांची कुरकुर थांबली. इंजिन बैठकीत म्हणाले, "आपण हवेचा प्रश्न सोडवला." आपण! मी तेव्हाच तो शब्द हेरून ठेवला होता.

मग एक मोठी औषध कंपनी आली. खरेदीवाले साहेब सूट घालून कारखाना बघायला. इंजिन त्यांना घेऊन फिरत होते, आणि कधी नव्हे ते खेळघरात शिरले. धाकटी आत होतीच. साहेबांनी विचारलं, हा थर दाखवा. तिने पातळ नमुन्याची काच लावली. साहेबांनी डोळा लावला.

"यात काहीच नाही."

"बरोबर," धाकटी म्हणाली.

आता ही काय बोलायची पद्धत झाली? पण तीच तिची. इंजिनना घाम फुटला. त्यांनी टेबलावरची दुसरी काच उचलून स्वतःच लावली. ती जाड नमुन्याची होती, तिने तुलनेसाठी ठेवलेली. साहेबांनी डोळा लावला आणि तिथेच ठेवला.

"वा! हे बघा ना! काय सुंदर आहे! हे द्या आम्हाला."

"ते वाईट आहे," धाकटी म्हणाली.

"अहो, गंमत करतात त्या," इंजिन म्हणाले आणि साहेबांना खांद्याला धरून चहाला घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी इंजिननी मशीनवाल्याला फट वाढवायला सांगितली. ही पळत आली. मी कार्यालयात होते, मला तिथपर्यंत ऐकू आलं.

"दादा, जाड करू नका!"

"अगं, जाड केल्याने कधी काही बिघडतं का? भिंत जाड केली तर घर पडतं? कोट जाड घातला तर थंडी वाजते?"

"हा कोट नाहीये!"

"मग काय आहे?"

"सांगितलंय मी!"

"काय सांगितलंयस? काळोख चांगला आणि उजेड वाईट? लोकांना काय दाखवू, अंधार? तू तुझं खेळघर बघ, सायंटिस्ट. मशीन माझं आहे."

होयबा शेजारीच उभे होते. भावाचंही खरं, बायकोचंही खरं, अशी मान हलवत. मूग गिळून. त्या मानेला एकदा कुणीतरी पट्टा बांधायला हवा होता.

धाकटी लॅबमध्ये गेली. त्या जाड फिल्मची पाकिटं केली, निळे दाणे भरले, कपाटात ठेवली. दाणे गुलाबी झाले तसं पाकीट घेऊन इंजिनच्या टेबलावर आपटलं. इंजिननी ते बोटाने उलटवून बघितलं आणि म्हणाले, "दाणे जुने असतील." मालाचा ट्रक दुपारी गेला. मीही बोलले, ओरडलेच. मला म्हणाले, "वहिनी, तुमचा इतिहास वेगळा, हे सायन्स आहे." सायन्स! जो माणूस चमक बघून माल ठरवतो, तो मला सायन्स शिकवणार!

पुढचं सांगायला नकोच, पण सांगते. त्या कंपनीच्या गोळ्या पाकिटातच मऊ पडल्या, पिवळ्या झाल्या. दुकानादुकानांतून परत आल्या. कुणाला बाधल्या नाहीत हे नशीब. कंपनीचा निरोप आला की त्यांची तपासनीस येणार आहे, थर कुणी ठरवला आणि काय चुकलं ते समोरासमोर विचारायला.

आणि मग आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जे झालं ते ऐका.

इंजिननी पोळी तोडावी तशा सहज आवाजात सांगितलं, "सरळ मार्ग आहे. थर लॅबमधून आला. लॅबने सांगायचं की कृतीत चूक होती. आम्ही थर काढून टाकतो, लॅब काही दिवस बंद ठेवतो, जुनी फिल्म चालू करतो. माणसाकडून चूक होते, ते समजून घेतील. कारखान्याकडून झाली म्हटलं तर नाही समजून घेणार."

"लॅबने म्हणजे मी," धाकटी म्हणाली.

"घरचीच आहेस ना तू? घरच्यासाठी एवढं नाही करणार?"

"कृतीत चूक नव्हती."

"अगं, खरंखोटं कोण मोजतंय!"

"मी," ती म्हणाली, आणि ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

होयबा तिच्या मागे गेले. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि दारात थांबले. चोरून ऐकलं म्हणा हवं तर.

"एकदा म्हणून टाक ना," होयबा म्हणत होते, "नुसतं म्हणायचं आहे. तू बरोबर आहेस ते मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"हो."

"मग तुम्ही म्हणा."

नळ चालू होता. मग ती म्हणाली, "मी चूक होती म्हटलं तर तो थर गेला. कायमचा. पुन्हा कुणी करणार नाही, कारण करून बघितला आणि फसला असं सगळे म्हणतील. माझं काय व्हायचं ते होवो, पण तो थर फसलेला नाही. मी खोटं बोलले तर तो फसलेला ठरतो. एवढं तरी कळतंय का तुम्हाला?"

तिला समजावून सांगता येत नाही असं मी वर लिहिलं. त्या रात्री ती चुकून फार छान बोलली, आणि ऐकायला कोण, तर होयबा. संताप होतो नुसता.

तपासनीस आली. माझ्या वयाची नाही, पण लहानही नाही, आखडलेली मान, पाणीसुद्धा नको म्हणणारी. बैठक इंजिनच्या कार्यालयात. इंजिन, होयबा, मी आणि धाकटी. इंजिनच्या खुर्चीमागे भिंतभर उंच मांडणी, आणि तिच्यात त्यांच्या जाडजूड फायली, एका ओळीत ताठ उभ्या. पाठीवर रंगीत पट्ट्या. तो त्यांचा देव्हारा.

इंजिननी सुरुवात केली, "बाई, आमच्या लॅबकडून जी चूक झाली, त्याबद्दल..."

"कृती माझी," धाकटीने मध्येच तोडलं, "जाडी माझी नाही. मी पातळ थर दिला होता. तो जाड कुणीतरी केला."

तपासनीसबाईने विचारलं, "कुणी केला?"

धाकटीने होयबांकडे बघितलं. मीही बघितलं. मशीनजवळ तेच उभे होते त्या दिवशी. होयबांनी टेबलाकडे बघितलं. टेबलावर काय होतं बघण्यासारखं? एक पेन!

"ते जाऊ दे," धाकटीच म्हणाली. नवऱ्याला सोडवलं तिने तिथे, आणि मी तिला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही. "कुणी केला यापेक्षा काय झालं ते बघा." तिने सूक्ष्मदर्शक बरोबर आणला होता. जाड नमुना लावला. तपासनीसबाईने डोळा लावला.

"हे तर छान दिसतंय," ती म्हणाली.

इंजिन खुर्चीत सैल झाले. आणि धाकटीने काय करावं? खळखळून हसली. "सगळ्यांनाच छान दिसतं हो ते! तिथेच तर मार खाल्ला आपण."

मला वाटलं, संपलं. आता ही ओरिएंटेशन म्हणणार, दोनदा, आणि दार आपटणार. पण ती उठली आणि इंजिनच्या मांडणीपाशी गेली. खिशातून दाण्यांची पुडी काढली, उभ्या फायलींच्या डोक्यावर मूठभर निळे दाणे ओतले. दाणे फटीफटीतून टपटपत खाली आले, मांडणीतून जमिनीवर, टेबलाखाली, इंजिनच्या बुटात.

"अगं! माझ्या फायली!"

"थांबा, दादा." तिने एकेक फाईल ओढून जमिनीवर आडवी टाकली. एकीच्या कडेवर दुसरी, दोघींच्या सांध्यावर तिसरी. इंजिन "अगं अगं" करतायत आणि ही फरशी घातल्यासारखी फायली घालतेय. मग वरून दुसरी मूठ ओतली. दाणे वरच राहिले. एखादा घरंगळत कडेपर्यंत गेला, बाकी तिथेच.

"हे दाणे म्हणजे ओल," ती म्हणाली, "फायली त्याच आहेत. उंच जागा दिली की उभ्या राहतात, ओल आत. जागा दिलीच नाही की आडव्या पडतात, ओल बाहेर. उभ्या असल्या की या काचेतून चमकतात, म्हणून त्या चांगल्या वाटतात. आता हे बघा." तिने पातळ नमुना लावला. "यात काही दिसणार नाही. काही न दिसणं हेच यातलं बघायचं."

तपासनीसबाई बराच वेळ त्या काळोखात बघत राहिली. मग तिने दोन पाकिटं मागितली, पातळाचं आणि जाडाचं, दाणे घालून, आणि बरोबर घेऊन गेली. जाताना पाणी प्यायली.

तिकडे निळं राहायचं ते निळं राहिलं आणि गुलाबी व्हायचं ते गुलाबी झालं. कंपनीने निरोप दिला, पातळ थराची फिल्म चालेल, पण एका अटीवर: फटीच्या चाकाला कुलूप, आणि किल्ली फक्त लॅबच्या बाईंकडे. इंजिननी कुलूप आणलं. फार मोठं आणलं, जणू चाक नव्हे तर तीच पळून जाणार होती. धाकटीने किल्ली कमरेला लावली आणि ती गेली कित्येक वर्षं तिथेच आहे.

आणि इंजिन? बैठकीत म्हणाले, "चूक आपण लगेच शोधून काढली." आपण. पुन्हा. मी विचारलं, "आपण म्हणजे कोण कोण, भाऊजी?" तर म्हणे, "वहिनी, घरात काय मोजमाप करायचं!" खापर फोडायचं तेव्हा मोजमाप बरोबर होतं, एकच डोकं. फुशारकी मारायची तेव्हा सगळं घर.

आता फलकाचं. कारखान्याला बरीच वर्षं झाली म्हणून समारंभ ठरला, फोटोवाला आला. त्याने पातळ नमुन्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "साहेब, यात काहीच येत नाही, काळं छापलं जाईल." इंजिन म्हणाले, "ते चमकणारं लाव गं." आणि धाकटीने लावलं! स्वतःच्या हाताने! मी तिला खडसावलं.

"त्यांनी विचारलं, छान कुठलं दिसतं. छान तेच दिसतं, ताई."

"आणि खालची ओळ?"

"ती मी लिहिली नाही."

"तुला काहीच वाटत नाही?"

"मशीन नीट चालू आहे. किल्ली माझ्याकडे आहे. फोटोने थर जाड होत नाही."

तिचं तेवढ्याने भागतं. माझं भागत नाही. म्हणूनच हे लिहायला घेतलं, आणि इथेच फलकाला चार शिव्या घालून थांबणार होते.

पण लिहिता लिहिता एक घडलं. एका नव्या गिऱ्हाईकाचा इंजिनना फोन आला. तुमच्या मालाचा नमुना आम्ही तपासायला दिला, त्यात नुसता अंधार आहे. तुमच्या फलकावर आहे तसला चमकणारा माल का दिला नाही? तोच पाठवा.

इंजिन फोन ठेवून सरळ मशीनकडे आले. मी तिथेच होते.

"सायंटिस्ट, त्यांना फोटोतल्यासारखा हवा. एकाच ऑर्डरपुरता. थोडी फट वाढव."

धाकटीने कमरेची किल्ली काढली आणि मशीनच्या टेबलावर, त्यांच्यासमोर ठेवली.

"वाढवा. नाहीतर फोटो उतरवा. दोन्हीतलं एक. मी खोलीत आहे."

या वेळी दार आपटलं नाही. हळूच लावलं. इंजिन किल्लीकडे बघत उभे राहिले. हात पुढे केला, मागे घेतला. त्या गोळ्या आठवल्या असाव्यात. मग नेहमीप्रमाणे ओरडले, "अरे, तिला समजाव जरा!" होयबांना.

होयबा गेले. मला वाटलं, तिच्या दाराशी. पण ते मागच्या बाजूला गेले आणि शिडी घेऊन आले. एकटेच, ओढत, ठोकर खात. फलकाखाली लावली आणि चढायला लागले. इंजिन म्हणाले, "अरे, काय करतोस?" होयबा वरून म्हणाले, "वहिनी, धरा जरा."

मी शिडी धरली. पण तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. म्हटलं, "इतकी वर्षं कुठे होती ही शिडी?"

ते फोटोची बाजू नखांनी सोलत राहिले. चांदण्यांच्या चिंध्या खाली पडत होत्या, आणि घडी घातलेले हात तेवढे भिंतीवर उरले होते, शेजारी कोरी जागा घेऊन.

तिथे आता काळा फोटो लागणार आहे. छापून आलाय, मी बघितला. काळाकुट्ट. इंजिन म्हणतात, लोक विचारतील हे काय आहे. विचारू देत. दाराशी खुर्ची टाकून बसायला मला वेळच वेळ आहे, एकेकाला सांगते.

किल्ली होयबांनीच खोलीत नेऊन दिली. आत काय बोलले ते मी ऐकलं नाही. मशीनचा आवाज चालू होता.